रविवारचा विसावा मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला होता. शिक्षण संपल्यावर तो एका कारखान्यात कामास लागला आणि वर्षभरापूर्वी तेथील कामगार संघटनेचा सभासद झाला. कुशलप्रश्न झाल्यावर त्याने आपल्या मनातील एक शल्य बोलून दाखविले. सभासद होण्यापूर्वी तो खाली मान घालून काम करी व घरी येऊन निवांत झोपे. आता मात्र पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी त्याच्या डोळ्यांत सलू लागल्या होत्या. जादा कामाचा मोबदला वेळेवर मिळत नाही, यंत्राजवळ पुरेसा उजेड नाही, हे सारे त्याला बोचू लागले होते. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे, की संघटनेत गेल्यापासून मुलाचे समाधान हरपले. संघटना माणसाला कामात समाधान देते की असलेले समाधानही हिरावून घेते, असा त्याचा प्रश्न होता.

मला एकदम उत्तर सुचले नाही. तेव्हा मी त्याला एका थोर पुरुषाची हकिकत सांगू लागलो. परंतु त्याची शेवटची बस निघावयाची होती, म्हणून ती अर्धीच राहिली. ती पुरी करावी आणि तुम्हां सर्वांनाही ती वाचावयास मिळावी, यासाठी हा लेख.

ते थोर पुरुष म्हणजे भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून ज्यांना गौरविले जाते ते रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले, फुलमाळी समाजातले. घरची स्थिती बेताची असल्यामुळे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण होताच त्यांना नोकरी पाहावी लागली. प्रथम रेल्वेत, नंतर टपाल खात्यात आणि पुढे मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी काम केले. स्टोअरकीपरची जागा तशी सुखाची. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसास त्या काळी ती मानाचीही वाटे. चार भिंतींच्या आत बसून मालाची नोंद ठेवावी, महिन्याचा पगार घ्यावा आणि संसार करावा, असा सरळ मार्ग त्यांच्यापुढे होता. परंतु नोंदवहीतून मान वर करताच त्यांच्या दृष्टीस जे पडे, ते विसरणे त्यांना शक्य झाले नाही.

त्या काळच्या मुंबईचे चित्र थोडे डोळ्यांपुढे आणले पाहिजे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि दोन वर्षांनी तिचे काम सुरू झाले. त्यानंतर परळ, ताडदेव, भायखळा या भागांत धुराड्यांचे जणू रानच माजले. या गिरण्यांत राबण्यासाठी रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून आणि कोकणातून हजारो माणसे आली. शेतीवर पोट भरेना म्हणून गाव सोडलेली ही माणसे, त्यांत बायका होत्या आणि मुलेही होती.

गिरणीत अजून विजेचे दिवे आलेले नव्हते. त्यामुळे दिवस उजाडला की काम सुरू व्हावयाचे आणि मावळला की थांबावयाचे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेरा-चौदा तासांचे. दुपारी जेवणासाठी ठरलेली सुट्टी नसे. यंत्र चालू असताना, कापसाची धूळ उडत असताना, जमेल तसे दोन घास पोटात ढकलावयाचे. आठवड्याची सुट्टी तर नव्हतीच. सणासुदीचे मोजके दिवस वगळता वर्षभर भोंगा वाजतच राही. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी यंत्रे बंद ठेवीत ती साफसफाईसाठी आणि ती साफसफाईही कामगारांनीच करावयाची. महिन्याचा पगार महिना संपताच हाती पडत नसे. तो कित्येक आठवडे रेंगाळे आणि तोवर कामगाराने वाण्याकडून उधारीवर धान्य आणावयाचे. एका दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत होती. कापड बिघडले तर ते विणकराच्याच गळ्यात बांधून त्याची किंमत पगारातून वळती करीत. यंत्रात हात सापडला तर त्या हाताबरोबर नोकरीही जाई.

आणि एवढे सोसूनही कोणी तक्रार करीत नसे. याचा अर्थ सारे समाधानी होते असा कोणी घेतला तर ती घोर चूक ठरेल. तक्रार करावयाची कोणाकडे? ज्या जॉबराने कामावर लावले, तोच काढूनही टाकू शकत होता. एकट्या माणसाला फार झाले म्हणजे एकच मार्ग मोकळा असे, तो म्हणजे काम टाकून गावची वाट धरणे. कामगार गावी पळतात, टिकून काम करीत नाहीत, असे गिरणीमालक सर्रास म्हणत. ज्याचे तोंड बंद असते त्याचे पाय बोलू लागतात, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

नारायणरावांना हे उमगले, त्याचे एक कारण त्यांच्या वैचारिक जडणघडणीत आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती आणि नारायणराव त्या समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते झाले होते. माणसाची योग्यता जन्मावर ठरत नाही आणि अज्ञानामुळे अन्याय सहन होतो, ही फुल्यांची शिकवण. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात काढलेले ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक पैशाअभावी अडचणीत आले, तेव्हा १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईस आणून त्याचे संपादन हाती घेतले. पुढे गिरणीतील नोकरीही त्यांनी सोडली. सुखाची जागा सोडून तोट्यातले वृत्तपत्र चालविण्यास घेणाऱ्या माणसास व्यवहारी लोक वेडा म्हणतात. परंतु ‘दीनबंधू’च्या रूपाने गिरणगावाला आपले म्हणणे छापून आणणारे एक मुखपत्र लाभले.

कामगारांच्या बाजूने बोलणारे त्याआधी कोणीच नव्हते असे नाही. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी गिरण्यांसाठी कायदा व्हावा म्हणून सतत प्रयत्न केले होते आणि १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा अमलात आला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात, एवढेच त्या कायद्याचे सार. मित्रहो, तुमच्यापैकी पाचवी-सहावीतल्या मुलांनी स्वतःला त्या जागी क्षणभर कल्पून पाहावे. नऊ तास काम ही त्या काळी दया मानली जात होती! मोठ्या माणसांना तर या कायद्याने काहीच दिले नाही.

बंगाली यांच्यासारख्या सज्जनांचा कळवळा खरा होता. पण तो बाहेरून आलेला होता. नारायणरावांनी केलेली नवी गोष्ट ही, की कामगारांची दुःखे त्यांनी कामगारांकडूनच मांडवून घेतली. १८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. ती संधी साधून सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत नारायणरावांनी कामगारांच्या सभा भरविल्या. दिवसभर राबून थकलेली माणसे तेथे जमली आणि आपल्याला काय हवे, याचा त्यांनी विचार केला. त्यातून एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या.

त्या अर्जातील मागण्या वाचल्या म्हणजे मन थक्क होते, आणि ते त्यांच्या साधेपणामुळे. दर रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची काही तजवीज व्हावी. पगार वाढवा, अशी मागणी या पाचांत नाही! विसावा, वेळेवर पगार, आणि जखमी झालो तर फेकून देऊ नका एवढा दिलासा, इतकेच या माणसांनी मागितले. कामातले समाधान म्हणजे केवळ पैसा नव्हे, आपणांस माणूस म्हणून वागविले जाण्यात त्याचे मूळ आहे, हे या अर्जातून स्वच्छ दिसते.

याच चळवळीतून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था आकारास आली. भारतातील गिरणी कामगारांची पहिली संघटना म्हणून तिचे नाव घेतले जाते. नारायणराव तिचे अध्यक्ष होते. आजच्या अर्थाने ती पक्की संघटना नव्हती. तिच्याकडे सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, लेखी नियमही नव्हते. ज्याने सभेला यावे, सही करावी, तो सभासद.

अर्ज दिला म्हणून फळ लगेच हाती आले नाही. सहा वर्षे तशीच गेली. या वाटेत एक मोठी अडचण होती, आणि ती तुम्ही नीट समजून घ्यावी असे मला वाटते. विलायतेतील मँचेस्टर आणि लँकेशायर येथील गिरणीमालकांना मुंबईचे स्वस्त कापड खुपत होते; म्हणून मुंबईच्या गिरण्यांवर कायद्याची बंधने यावीत, असा आग्रह तेही धरीत होते. त्यामुळे आपल्याकडची देशाभिमानी वृत्तपत्रेदेखील फॅक्टरी कायद्याकडे परकीयांचे कारस्थान म्हणून पाहत. कामगारांची बाजू घेणारा माणूस देशी उद्योगाच्या मुळावर उठला आहे, असा आरोप सहज होऊ शकत होता. नारायणराव या पेचात डगमगले नाहीत. देशाचा धंदा वाढावा हे खरे. पण तो आपल्याच देशबांधवांच्या पाठी मोडून वाढू नये, ही त्यांची भूमिका राहिली.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा भरली. दहा हजारांच्या आसपास माणसे तेथे लोटली होती. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. ज्या काळी मुलींच्या शाळेलाही विरोध होत होता, त्या काळी गिरणीत राबणाऱ्या दोन बायका हजारो पुरुषांपुढे आपले म्हणणे मांडतात, यातच त्या चळवळीने काय साधले होते ते दिसून येते. सभेने साप्ताहिक सुट्टीची मागणी गिरणीमालकांच्या संघाकडे पाठविली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. रविवार हा गिरणी कामगारांचा विसाव्याचा दिवस ठरला.

आपल्या गोव्यात रविवारच्या सुट्टीचे कोणास नवल वाटत नाही. चर्चची घंटा आणि बंद कचेऱ्या पिढ्यानुपिढ्या पाहिल्यामुळे ती सूर्यचंद्राइतकीच नैसर्गिक वाटते. परंतु गिरणगावातल्या माणसाला ती कोणी आपण होऊन दिली नव्हती. महाराष्ट्रातल्या त्या कष्टकऱ्यांच्या दृष्टीने रविवार हा खंडोबाचा वार. देवदर्शन, बाजारहाट, मुलांना उचलून घेणे, गावाकडे पत्र लिहवून घेणे, हे सारे त्या एका दिवसात मावू लागले.

त्याच साली सरकारने नेमलेल्या फॅक्टरी आयोगाच्या कामात मुंबईपुरते स्थानिक सदस्य म्हणून नारायणरावांना सहभागी करून घेण्यात आले. पुढे १८९१ चा सुधारित कायदा झाला. त्याने साप्ताहिक सुट्टीला आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीला कायद्याचा आधार दिला, स्त्रियांचे काम अकरा तासांपुरते मर्यादित केले आणि नऊ वर्षांखालील मुलांना गिरणीचे दार बंद केले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा घातली गेली नाही. त्यासाठी १९११ साल उजाडावे लागले.

नारायणरावांची दृष्टी गिरणीपुरतीच नव्हती. त्या काळी विधवा स्त्रियांचे केशवपन करण्याची क्रूर रूढी होती. १८९० साली मुंबईतील नाभिक बांधवांनी एकत्र येऊन असे काम यापुढे करावयाचे नाही असा निर्धार केला. त्यामागे नारायणरावांची प्रेरणा होती. एकट्या नाभिकाने नकार दिला असता तर त्याचे गिऱ्हाईक तुटले असते आणि जातीत तो एकटा पडला असता. सर्वांनी मिळून नकार दिला तेव्हा जे काम करताना हात कापत होता, ते न करण्याचे बळ त्यांना आले. मन खाणारे काम नाकारता येणे, हादेखील कामातील समाधानाचा मोठा भाग नव्हे काय?

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. तेव्हा गिरणी कामगारांची माथी भडकू नयेत, त्यांच्यात सलोखा राहावा, म्हणून नारायणराव वस्त्यावस्त्यांतून झटले. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. पदवी मिळाली म्हणून त्यांची गिरणगावाशी असलेली जवळीक उणावली नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजेच प्लेगची साथ उद्भवली. ही साथ प्लेगचीच आहे हे प्रथम ओळखणारे डॉक्टर आपल्या गोव्याचे सुपुत्र आकासियो व्हिएगस होत, हे तुम्हांस ठाऊक असेलच. ज्यांना शक्य होते ते मुंबई सोडून पळाले. गर्दीच्या चाळींतून राहणाऱ्या कामगारांवर या रोगाचा घाला सर्वांत जबर पडला. नारायणराव पळाले नाहीत. त्यांनी रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला आणि ते रोग्यांच्या शुश्रूषेत राहिले. त्यातच त्यांना त्या रोगाने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. त्यानंतर महिन्याभराने पुण्यास सावित्रीबाई फुले याच रोगाला, अशाच सेवेत बळी पडल्या.

नारायणरावांच्या मागे त्यांची संघटना फार दिवस टिकली नाही. हे सांगावयास कष्ट होतात. पण चरित्र लिहिताना उणी बाजू झाकू नये. कामगारांचा सारा भार त्या एका खांद्यावर होता. खांदा निखळला आणि इमला खचला. स्वतःची नोंदवही, स्वतःची वर्गणी आणि स्वतः निवडलेले पुढारी असल्यावाचून संघटना टिकत नाही, हा धडा पुढच्या पिढीने घेतला. १९२० साली ना. म. जोशी आदींच्या प्रयत्नांनी देशव्यापी कामगार काँग्रेस स्थापन झाली आणि १९२६ साली कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा झाला. भारत सरकारने २००५ साली नारायणरावांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कधीकाळी टपाल खात्यात नोकरी केलेल्या माणसाचा असा गौरव व्हावा, हा मोठा सुंदर योग होय.

आता त्या माजी विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. असाच प्रश्न विद्वानांनाही पडलेला आहे. सुपारीबागेच्या सभेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८४ साली, अमेरिकेतील रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी कामगार संघटनांवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. संघटनेचे सभासद आपल्या कामाविषयी इतरांपेक्षा अधिक नाराजी व्यक्त करतात. पण नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात कमी असते. पुढच्या अभ्यासकांनी यावर बरेच वाद घातले. तथापि त्यांनी दिलेले स्पष्टीकरण नारायणरावांच्या चरित्राशी जुळते. ज्याला आपले गाऱ्हाणे मांडावयास जागा आहे, तो गाऱ्हाणे मांडतो आणि कामावर टिकतो. ज्याला ती नाही, तो गप्प राहतो आणि एक दिवस निघून जातो.

सुपारीबागेत जमलेले कामगार त्या सभेच्या आदल्या दिवशी अधिक शांत असतील. सभेनंतर त्यांना झोप कमीच लागली असेल. कारण आपल्याला विसावा मिळणे हे न्याय्य आहे, हे एकदा कळल्यावर त्यावाचून राबणे जड जाते. परंतु त्या अस्वस्थतेतूनच सहा वर्षांनी रविवार उगवला. त्याआधीची शांतता समाधानाची नव्हती, ती केवळ निरुपायाची होती.

म्हणून त्या मुलाला माझे सांगणे असे. बाबा, तुला आज जे सलते आहे त्याने भिऊ नकोस. ते तुझ्या संघटनेने निर्माण केलेले नाही. तिने फक्त दाखवून दिले आहे. मात्र केवळ सलत राहू देऊ नकोस. सभेस जा, वर्गणी वेळेवर भर, आपली मागणी नेमकी व न्याय्य आहे की नाही हे स्वतः तपासून पाहा, आणि आपले काम चोख कर. सारा भार एका पुढाऱ्यावर टाकून घरी बसू नकोस. तसे झाले की काय होते, हे वर सांगितलेच आहे. वडिलांशीही बोल. येत्या रविवारी, त्यांच्या शेजारी निवांत बसशील तेव्हा, हा निवांतपणा गिरणगावाने कसा मिळविला ते त्यांना सांग.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही उद्या कोठे ना कोठे कामास लागाल. कोणी कचेरीत, कोणी कारखान्यात, कोणी बोटीवर, कोणी माझ्यासारखे शाळेत. तेथे पोहोचल्यावर शेजारी काम करणाऱ्याच्या कष्टांकडे पाहण्यासाठी आपल्या नोंदवहीतून मान वर करावयास विसरू नका. नारायणरावांनी प्रथम केले ते एवढेच.